डिजिटल आयटी घेतलंय? मग या चुका टाळा, आणि ओके दाबायच्या आधी वाचा

शाळेत व्होकेशनल विषय म्हणून डिजिटल आयटी घेणाऱ्या मुलांचे प्रोजेक्ट मी बरीच वर्षं तपासतेय आणि खरं सांगू का, मुलं बदलतात, चुका त्याच राहतात. पहिल्या दिवशी हमखास कोणीतरी म्हणतंच, "मॅडम हा सोपा विषय आहे, मला कॉम्प्युटर येतो." येतो म्हणजे गेम टाकता येतो, रील एडिट करता येते. छान आहे की. पण या विषयात मार्क जातात ते कॉम्प्युटर येत नाही म्हणून नाही, स्क्रीनवर काहीतरी विचारलेलं असतं आणि ते न वाचता बटण दाबलं जातं म्हणून.

आधी माझी "लाडकी" चूक, सॉर्ट.

एका मुलीने प्रोजेक्टसाठी स्वतः फिरून, कागदी फॉर्म भरून घेऊन सर्व्हे केला होता. वय काय, दिवसाला स्क्रीन किती तास, झोप किती तास. डेटा इतका नीट होता की मीच खूश. तिला झोपेचे तास चढत्या क्रमाने लावायचे होते म्हणून तिने तेवढा एकच कॉलम सिलेक्ट केला आणि सॉर्ट दाबलं. आता एक्सेल इथे थांबून विचारतं बरं का, शेजारचे कॉलम पण सोबत घेऊ की एवढाच हलवू. आधीपासून निवडलेला पर्याय पण बरोबरचाच असतो, पण हिने मुद्दाम दुसरा निवडला, कारण नंतर मला म्हणाली तसं, "मला तर एवढाच कॉलम लावायचा होता ना मॅडम". झालं. झोपेचे आकडे सगळे हलले, नावं आणि वयं जागच्या जागी, म्हणजे याची झोप त्याच्या नावावर. वर सेव्ह केलं, फाइल बंद केली. फाइल एकदा बंद झाली की कंट्रोल झेडचा, म्हणजे केलेलं मागे घेण्याचा, काही उपयोग नसतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. तिने फॉर्म भरून घेताना आधी लहान मुलं गाठली होती आणि शेवटी आजी-आजोबा, त्यामुळे यादी आपोआप वयाप्रमाणे होती. चढत्या क्रमाने लावलेली झोप त्याच्या शेजारी बसल्यावर ग्राफ असा सुंदर तिरका वर गेला की वय वाढलं की झोप वाढते! आणि बाईसाहेबांनी त्यावर अर्धं पान स्पष्टीकरण पण लिहिलं होतं, म्हाताऱ्या माणसांना कामं कमी असतात वगैरे. तीन आठवड्यांनी मी विचारलं की अगं तुझी आजी पहाटे किती वाजता उठते, तेव्हा तिचा चेहरा उतरला. नशीब कागदी फॉर्म तिने टाकून दिले नव्हते, दोन संध्याकाळी बसून सगळं परत टाइप केलं.

माझी सवय सांगते. गोळा केलेला डेटा एका शीटवर, शीटचं नाव "मूळ", त्याला हात लावायचा नाही. काय करायचं ते त्याच्या कॉपीवर. कॉपीवर कंट्रोल टी दाबून त्याचं टेबल करून घ्यायचं, मग सॉर्ट केलं तरी अख्खी ओळ सोबत हलते. काही मुलं अनुक्रमांकाचा कॉलम टाकून निर्धास्त होतात, त्याने पूर्ण टेबल परत जुन्या क्रमाला आणता येतं हे खरं, पण एकटा कॉलम हलवला असेल तर अनुक्रमांक बिचारा काय करणार.

दुसरी, सबमिशनच्या दिवशीची. मुलगा धापा टाकत आला, पेनड्राइव्ह दिला, मी फाइल उघडली तर उघडेना. "घरी उघडत होती मॅडम!" उघडणारच, कारण त्याने डेस्कटॉपवरून कॉपी केला होता तो शॉर्टकट, म्हणजे फाइल नव्हे, घरच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलकडे नेणारी नुसती खूण. आयकॉनच्या कोपऱ्यात तो छोटा बाण असतो ना, तो शोभेचा नाही. साइज बघितला असता तरी कळलं असतं, चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन, फोटोंसकट, आणि साइज दोन केबी? फाइल कुठे सेव्ह झालीय हे न बघता नुसतं सेव्ह सेव्ह करत राहिलं की हे होतं. मी अजूनही कॉपी केल्यावर पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला लावून, तिथून फाइल उघडून बघते, मुलं हसतात, हसू देत.

फाइलच्या नावातलं एक्स्टेन्शन (टिंबानंतरची शेवटची अक्षरं) बदललं म्हणजे फॉरमॅट बदलला असं होत नाही. विंडोज तिथेही विचारतं की फाइल निकामी होऊ शकते, करू का? आणि मुलं येस दाबतात.

आणि सेव्ह करताना जुना फॉरमॅट निवडू नका. जुन्या एक्सएलएस शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, नव्यात १०,४८,५७६. मुलांना वाटतं आपल्याला काय करायचंय एवढ्या ओळींशी, पण २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे जवळपास १६ हजार रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले होते ते याच जुन्या फॉरमॅटच्या मर्यादेमुळे, आणि ती काही शाळेतली मुलं नव्हती.

फोन नंबर किंवा शून्याने सुरू होणारा कोड टाकला की पुढचं शून्य गायब, सोळा आकडी नंबर टाकला की शेवटचा आकडा शून्य, कारण एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच संख्या नीट धरतं. कॉलम टेक्स्ट करा, पण टाइप करायच्या आधी. नंतर केलं तर गेलेले आकडे परत येत नाहीत. २०२० मध्येच काही मानवी जनुकांची नावं अधिकृतपणे बदलावी लागली कारण "मार्च१" सारखं नाव टाकलं की एक्सेल त्याची तारीख करायचं. शास्त्रज्ञ थकले तिथे आपण कोण.

व्हीलुकअपचा (यादीत एखादी गोष्ट शोधून तिच्या शेजारची माहिती आणणाऱ्या फॉर्म्युल्याचा) शेवटचा भाग रिकामा सोडू नका, फॉल्स लिहा, नाहीतर चुकीचं उत्तर येऊ शकतं आणि एररही दिसत नाही.

गॅन्ट चार्टबद्दल, म्हणजे कोणतं काम कधी सुरू आणि कधी संपणार हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या वेळापत्रकाबद्दल, तर मी बोलायचंच सोडलंय. प्रोजेक्ट संपल्यावर रात्री बसून काढलेला चार्ट लगेच कळतो, सगळी कामं ठरल्या दिवशी सुरू आणि ठरल्या दिवशी संपलेली! असं आजवर कोणाचं झालंय? खाडाखोड केलेला, तारखा पुढे ढकललेला, "आजारी होतो" असं बाजूला लिहिलेला चार्ट द्या, मी जास्त मार्क देईन.

इंटरफेस डिझाइन करताना पिवळ्यावर पांढरी अक्षरं नकोत. साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) असावा असा नियम आहे, पण मोजायचा कंटाळा येत असेल तर स्क्रीनशॉट ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, वाचता आलं तर ठीक.

थिअरीत एकच सांगते, व्हॅलिडेशन म्हणजे टाकलेली माहिती ठरवलेल्या नियमात बसते का एवढंच कॉम्प्युटरने बघणं, माहिती खरी असल्याची खात्री नव्हे. १६ च्या जागी ६१ वय टाकलं तर १ ते १०० ची रेंज चेक खुशाल पास करते. खरं-खोटं मूळ फॉर्मशी ताडून बघणं हे वेगळं, ते व्हेरिफिकेशन. आणि "स्पष्ट करा" असं विचारलं की "फास्ट आहे, सोपं आहे" हे उत्तर नाही, कोणासाठी फास्ट, कशामुळे, ते लिहा.

आता नवीन एक सुरू झालंय, रिपोर्ट एआयकडून लिहून आणायचा. परवा एकाच्या रिपोर्टमध्ये चार्ट कसा केला याच्या पायऱ्या होत्या, भाषा एकदम गुळगुळीत, फक्त त्यातला मेनू त्याने वापरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. मी काही बोलले नाही, म्हटलं बस इथे आणि करून दाखव. दहा मिनिटं शोधत होता, मग म्हणाला, "मॅडम अपडेटमध्ये काढला असेल."