टॉवेल एक्स्पोर्टला चाललेत? आधी पॅलेटचा शिक्का बघा

सोलापुरातून टॉवेल, चादरी बाहेर पाठवणाऱ्यांसाठी. माल एक नंबर असतो पण खालच्या लाकडी पॅलेटला (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीला) आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का नसला की तिकडच्या बंदरात कंटेनर अडकू शकतो आणि मग खर्च आपल्याच बोकांडी. गाडी भरायच्या आधी एवढं करा:

१. पॅलेट उतरवतानाच शिक्का शोधा. एका बाजूला गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, शेजारी आयएन म्हणजे भारत, मग ट्रीटमेंटवाल्याचा नंबर आणि एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ डिग्रीला सलग ३० मिनिटं तापवलेलं, एमबी म्हणजे मिथाईल ब्रोमाईड गॅस दिलेला. शक्यतो एचटीच मागा, गॅसवालं काही गिऱ्हाईकांना चालत नाही.

२. पुसट शिक्का दिसला की तिथंच परत करा. सप्लायर म्हणेल सर्टिफिकेट आहे ना साहेब, पण तपासणारा लाकूडच बघतो.

३. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नंबर वाचता येईल असा.

४. माल हलू नये म्हणून आत ठोकतात त्या पाचरी, फळ्या, त्यांनाही शिक्का लागतो. हे बहुतेक सगळे विसरतात.

पूर्ण प्लायवूडच्या पॅलेटला ही भानगडच नाही, फक्त खालचे ठोकळे साध्या लाकडाचे नाहीत ना ते वाकून बघा, असले तर सूट गेली.

आणि फळी तुटली म्हणून जवळच्या सुताराकडून कच्च्या लाकडाची ठोकून घेऊ नका, जुना शिक्का मग चालत नाही.