काढता येणारी पार्शल कवळी: माप देण्याआधी काय करावं, बसवल्यावर काय टाळावं

दोन-तीन दाढा गेल्या की माणूस दुसऱ्या बाजूने चावायला शिकतो आणि वर्ष-दोन वर्षं तसंच ढकलतो. तोवर रिकाम्या जागेच्या शेजारचे दात आत कलतात, वरची दाढ खाली उतरायला लागते आणि कवळीला जागाच उरत नाही. सलग बरेच दात गेले असतील, इम्प्लांटपुरतं (हाडात रोवायच्या कृत्रिम मुळापुरतं) हाड नसेल किंवा खर्च झेपत नसेल, तर काढता-घालता येणारी पार्शल कवळी, म्हणजे फक्त गेलेल्या दातांपुरती कवळी, हा चांगला मार्ग आहे. ती उरलेल्या दातांच्या जिवावर उभी राहते, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करायची.

आधी डागडुजी

ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून घ्या. ज्या दातांना कवळी धरून ठेवणारा हूक बसणार, त्यांच्या मुळाशी हाड किती आहे, दात हलतो का, कीड आहे का, हे आधी पाहावं लागतं. स्केलिंग (दातांची सफाई), फिलिंग, आरसीटी (रूट कॅनाल) मापाच्या आधी उरका. हुकाच्या दातावर कॅप घालायची असेल तर तीही आधीच, आणि कवळीचा आराखडा ठरवून. कवळी झाल्यावर कॅप घातली की दाताचा आकार बदलतो आणि हूक बसत नाही.

दात नुकताच काढला असेल तर किमान सहा ते आठ आठवडे थांबा. जखम वरून भरलेली दिसते, पण हाड पहिले काही महिने भराभर झिजत असतं. घाईत केलेली कवळी मग ढिली होते. समोरचाच दात गेला असेल आणि घरात लग्न तोंडावर आलं असेल, तर तेवढ्यापुरती साधी अॅक्रिलिकची (प्लॅस्टिकची) करून घ्या, कायमची नंतर.

कोणती घ्यावी

साधी गुलाबी अॅक्रिलिक कवळी सगळ्यात स्वस्त, तारेच्या हुकांची. दुरुस्ती सोपी, नवा दात जोडता येतो. पण ती मुख्यतः हिरडीवर टेकते, चावताना खाली दबते आणि दातांच्या मानेलगतची हिरडी खरवडत जाते.

दुसरी फ्लेक्सिबल, नायलॉनची. तारा दिसत नाहीत म्हणून ती लोकांना आवडते. समोरच्या एक-दोन दातांना ठीक. मागच्या दाढा गेलेल्या असतील तर आम्ही ती सुचवणार नाही, कारण ती चावताना वाकते, सगळा भार हिरडीवर टाकते आणि पुढे रिलायनिंग (हिरडीकडच्या बाजूला नवा थर देणं) किंवा दुरुस्ती करणं अवघड जातं.

तिसरी कास्ट पार्शल, कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या ओतीव सांगाड्याची. महाग आणि जास्त चकरांची, पण टाळूवरची पट्टी पातळ असते, जेवणाचा गरम-गारपणा कळतो आणि भार दातांवर जातो. निकेलची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा, मिश्रधातू त्याप्रमाणे निवडावा लागतो.

एकाच दातासाठी एकाच बाजूला अडकणारी चिमुकली कवळी मात्र टाळा. ती गिळली किंवा श्वासनलिकेत गेली तर साधं अॅक्रिलिक एक्स-रेमध्ये नीट दिसतही नाही. आणि रस्त्यावर बसल्या जागी शेजारच्या दातांना तार गुंडाळून ‘फिक्स’ दात लावून देतात, तो तर सौदाच खोटा. खाली घाण साचते आणि आधाराचे चांगले दातही हलायला लागतात.

माप ते ट्राय-इन

कास्ट पार्शलला साधारण पाच-सहा चकरा धरा, अॅक्रिलिकला तीन-चार. पहिलं माप अल्जिनेट या मऊ लगद्याचं. मळमळत असेल तर भरल्या पोटी जाऊ नका. माप घेताना हनुवटी छातीकडे झुकवा आणि नाकाने सावकाश श्वास घ्या.

त्या साच्यावर आराखडा ठरतो आणि मग रेस्टची जागा तयार होते. हूक बसणाऱ्या दाढेच्या चावण्याच्या भागावर सुमारे १ ते १.५ मिलिमीटर खोल, बशीसारखा खळगा करतात. काम दाताच्या वरच्या थरातच होतं, बहुधा सुई लागत नाही. सांगाड्याचं छोटं बोट, म्हणजेच रेस्ट, या बशीत टेकतं आणि कवळीला खाली बसू देत नाही. कास्ट पार्शलचं माप ही बशी न करताच घेतलं जात असेल तर ‘रेस्ट कुठे बसणार?’ असं बिनधास्त विचारा.

दाताचा रंग दिवसाउजेडी, खिडकीपाशी ठरवा, लिपस्टिक पुसून. मेणावर दात लावून तोंडात बसवून बघतात, त्या ट्राय-इनला घरचं कुणी सोबत न्या. दात लांब वाटतात, ओठ फुगतो, चावताना एकच बाजू टेकते, जे असेल ते तेव्हाच बोला. मेणातला दात मिनिटभरात हलतो, अॅक्रिलिकमधला नाही.

खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे डेंटल कॉलेजं आहेत. शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. पैसे वाचतात, वेळ जास्त लागतो. ठाण्याहून नेरूळला ट्रान्स-हार्बरची थेट लोकल आहे.

पहिला पंधरवडा

कवळी आरशासमोर बोटांनी बसवा. दातांनी चावून बसवली की हूक वाकतो. काढताना दोन्ही बाजूंनी सारखी उचला, एकच हूक ओढू नका.

तोंडाला पाणी सुटेल, जीभ अडखळेल. मोठ्याने आकडे म्हणा: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, थेट अडुसष्टपर्यंत. स आणि ष यांचा एवढा सराव दुसरीकडे मिळणार नाही. आठवडाभर वरण-भात, उपमा, आमटीत कुस्करलेली भाकरी. घास लहान आणि दोन्ही बाजूंनी चावायचा. मिसळीवरची शेव, पेरूच्या बिया, शेंगदाणे नंतर.

टोचलं तर कानशीने घासू नका. भेटीआधी काही तास कवळी घालूनच ठेवा, म्हणजे हिरडीवरचा लाल डाग डॉक्टरांना दिसतो आणि नेमकी तेवढीच जागा घासता येते. डबीत ठेवून गेलात तर डाग निघून गेलेला असतो.

रोजची निगा

जेवणानंतर काढून धुवा. बेसिनमध्ये पाणी भरा किंवा टॉवेल अंथरा, कवळी हातातून निसटतेच. मऊ ब्रश आणि सौम्य साबण चालतो. टूथपेस्टने चरे पडतात, उकळत्या पाण्याने अॅक्रिलिक वाकतं, ब्लीचने धातू गंजतो. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. कायम घालून झोपलं की टाळूवर बुरशी वाढून लाली येते. हुकाखालचे दात दोनदा घासा, कीड तिथेच आधी लागते. हॉटेलात कवळी कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळू नका, ताटाबरोबर तीही कचऱ्यात जाते.

काही वर्षांनी कवळी डुगडुगायला लागली तर हूक घट्ट करून भागत नाही. खालचं हाड झिजलेलं असतं, तिथे रिलायनिंग लागतं. आणि मोडली तर फेविक्विक लावू नका. तुकडे बारीकसारीक जपून, जसेच्या तसे डबीत घालून न्या. एकदा वाकडे चिकटले की लॅबला ते पुन्हा जुळवता येत नाहीत.