रिव्हॅलचा फॉर्म भरण्याआधी उत्तरपत्रिका मागवा

गुण कमी दिसले की सरसकट ‘रिव्हॅल टाकतो’ म्हणायची पद्धत आहे. पण पुनर्मूल्यांकन हा एकाच दुखण्यावरचा इलाज आहे: परीक्षकाने उत्तर वाचलं, पण गुण कमी दिले. बेरीज चुकली असेल, पुरवणी गहाळ झाली असेल, अंतर्गत गुण पोहोचलेच नसतील किंवा निकाल नुसता राखून ठेवला असेल, तर रिव्हॅलचे पैसे वाया जातात आणि तोवर खऱ्या अर्जाची मुदतही निघून जाते. पुढची माहिती महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांना धरून आहे. शुल्क आणि तारखा ज्या त्या विद्यापीठाचं परिपत्रक ठरवतं. रचना बरीचशी सारखी असते.

गुणपत्रिका काय सांगते

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दहा गुणांच्या मोजपट्टीत ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी 4 आणि एफ म्हणजे शून्य. पण किती टक्क्यांना कोणती श्रेणी, हे सगळीकडे एकसारखं नाही. मुंबई विद्यापीठाने 2016 च्या सुमारास आणलेल्या पदवीच्या पद्धतीत 80 टक्क्यांना ओ मिळत असे. इतर पद्धतींत ओ साठी याहून जास्त लागतात. म्हणून मित्राच्या श्रेणीशी तुलना करण्याआधी गुणपत्रिकेमागचा तक्ता वाचा.

एसजीपीए, म्हणजे एका सत्राची श्रेणीगुणांची सरासरी, काढायला प्रत्येक विषयाचे श्रेयांक (क्रेडिट) गुणिले श्रेणीगुण करायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचं. समजा सत्र 22 श्रेयांकांचं आहे. चार श्रेयांकांच्या चार विषयांत 8, 7, 6, 7 आणि दोन श्रेयांकांच्या तिनांत 9, 8, 10 श्रेणीगुण आहेत. बेरीज 166, भागिले 22, म्हणजे 7.55. यातला 6 वाढून 7 झाला तर 170 भागिले 22, म्हणजे 7.73. चार श्रेयांकांच्या विषयात एक श्रेणी वाढली की सत्रात 0.18 चा फरक पडतो, आणि तीन वर्षांच्या 132 श्रेयांकांत जेमतेम 0.03 चा. एफ सुटणार असेल किंवा पुढच्या श्रेणीची सीमा दोन-तीन गुणांवर असेल तर अर्ज करा. एरवी त्याच श्रेणीत दोन-तीन गुण वाढवायला पैसे घालण्यापेक्षा पुढच्या सत्रातला एक विषय नीट केलेला बरा.

खुणाही बघा. मुंबईच्या निकालपत्रकात गुणांशेजारी @ असेल तर ते अध्यादेश 5042 व त्याच्या जोडीच्या नियमांखालचे ग्रेस, # म्हणजे अध्यादेश 229 खालची एनएसएस वगैरेंची सवलत, आणि * म्हणजे अध्यादेश 5045 खालची सूट. ‘आरआर’ दिसलं तर तुम्ही नापास नाही. निकाल राखून ठेवला आहे. पात्रतेचे कागद अपुरे, खालच्या परीक्षेचा निकाल बाकी किंवा महाविद्यालयाकडून गुण न आलेले, यांपैकी काहीतरी कारण असतं. त्यासाठी परीक्षा विभागाच्या खिडकीवर जाण्याआधी स्वतःच्या महाविद्यालयाच्या परीक्षा कक्षात जा, कारण गाठ बहुधा तिथेच अडकलेली असते.

लेखी परीक्षेत ‘गैरहजर’ लागलं असेल आणि तुम्ही पेपर दिला असेल, तर आसन क्रमांक किंवा बारकोड चुकल्याची शक्यता जास्त. प्रवेशपत्राची (हॉल तिकिटाची) प्रत आणि परीक्षा केंद्राच्या हजेरीपत्रकाची साक्षांकित प्रत जोडून प्राचार्यांमार्फत अर्ज द्यायचा. त्यावरची पर्यवेक्षकाची सही आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक हाच तुमचा पुरावा.

छायाप्रत हातात आल्यावर

निकालानंतर तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत (फोटोकॉपी) मागण्याची खिडकी थोडेच दिवस उघडी असते. अनेक ठिकाणी आठ-दहा दिवस. काही विद्यापीठांत छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन मागता येत नाही, काही ठिकाणी दोन्ही अर्ज एकदम करता येतात. मुभा असली तरी आधी प्रत बघा. आधीच रिव्हॅलचे पैसे भरून बसलेला माणूस प्रत शांतपणे वाचत नाही.

वाचायचा क्रम महत्त्वाचा. सुरुवात गुणांपासून करू नका. आधी हस्ताक्षर तुमचंच आहे ना ते पाहा. हसू नका, अदलाबदल होते. मग पानं मोजा. मुख्य उत्तरपत्रिकेवर तुम्ही लिहिलेली पुरवण्यांची संख्या आणि छायाप्रतीतल्या पुरवण्या जुळल्या पाहिजेत. आता बऱ्याच ठिकाणी उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासतात. त्यात पान दोनदा येणं, पान गळणं किंवा फिकट उमटणं या नव्या चुका शिरल्या आहेत. मुंबई विद्यापीठात 2017 च्या उन्हाळी परीक्षेला ही पद्धत घाईने लावली तेव्हा निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं.

त्यानंतर प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून प्रत्येक उपप्रश्न तपासा. लिहिलंय पण गुणच नाहीत, असं उत्तर सापडलं तर ती सगळ्यात भक्कम तक्रार. ‘कोणतेही चार सोडवा’ असताना तुम्ही पाच सोडवले असतील तर कोणते चार मोजले ते पाहा. आतल्या पानांवरचे गुण पहिल्या पानाच्या तक्त्यात बरोबर उतरलेत का, तक्त्याची बेरीज बरोबर आहे का, आणि तीच बेरीज गुणपत्रिकेत आली आहे का, या तीन वेगळ्या जागा आहेत. चूक तिन्हीकडे होऊ शकते.

शेवटी मूल्यमापन. इथे स्वतःशी कठोर व्हा. आठ गुणांच्या उत्तराला तीन मिळाले म्हणून अन्याय ठरत नाही. पाठ्यपुस्तकातले मुद्दे एकीकडे आणि तुमचे दुसरीकडे मांडा. शक्यतो त्या विषयाच्या प्राध्यापकांना प्रत दाखवा आणि ‘तुम्ही किती दिले असते’ एवढंच विचारा. त्यांचा आकडाही तुमच्या गुणांच्या आसपास आला तर थांबलेलं बरं.

कोणत्या चुकीला कोणता अर्ज

बेरीज किंवा गुण उतरवण्याची चूक: गुणपडताळणी. यात नव्याने तपासत नाहीत, फक्त मोजतात. मूल्यमापन कमी वाटलं: पुनर्मूल्यांकन. पान, पुरवणी किंवा हस्ताक्षराचा घोळ: यासाठी छापील फॉर्म बहुधा नसतो, साधा लेखी अर्ज करायचा. मजकूर एवढाच पुरे:

‘मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांस, प्राचार्यांमार्फत. विषय: अमुक विषयाच्या उत्तरपत्रिकेतील पुरवणी तपासली न गेल्याबाबत. मी अमुक आसन क्रमांकाचा परीक्षार्थी. मुख्य उत्तरपत्रिकेवर दोन पुरवण्यांची नोंद आहे. छायाप्रतीत एकच आहे. प्रश्न 4 ब व 5 चे उत्तर दुसऱ्या पुरवणीत होते. मूळ उत्तरपत्रिका पडताळून गुण द्यावेत. सोबत: छायाप्रतीचे पहिले पान, प्रश्नपत्रिका, गुणपत्रिकेची प्रत.’

रडगाणं नको, ‘माझं करिअर’ नको. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हे एक काम केलं नाही तर पुढची सगळी भांडणं लंगडी.

प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा, प्रकल्प आणि अंतर्गत गुणांना पुनर्मूल्यांकन सहसा नसतं, कारण तपासायला उत्तरपत्रिकाच नसते. अंतर्गत गुणांची तक्रार निकालाआधीच, महाविद्यालयाने ते गुण फलकावर लावले की लगेच करायची. एकदा ते विद्यापीठाकडे गेले की दुरुस्तीला प्राचार्यांचं पत्र, मूळ नोंदी आणि बरीच पायपीट लागते.

पुनर्मूल्यांकनाआधी नियमातली दोन वाक्यं शोधा. पहिलं: गुण कमी झाले तर कोणते धरणार? दुसरं: बदल मान्य व्हायला किमान किती फरक लागतो? काही विद्यापीठांत ठरावीक फरकाखालचा बदल धरतच नाहीत. एक-दोन गुणांची आशा असेल तर हे वाक्यच निर्णय देऊन टाकतं.

वाट बघताना

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार निकाल 30 दिवसांत, आणि फार तर 45 दिवसांत लागला पाहिजे. पुनर्मूल्यांकनाचा निकाल मात्र पुष्कळदा पुढच्या परीक्षेच्या तोंडावर किंवा नंतर येतो. म्हणून रिव्हॅल टाकलं तरी राहिलेल्या विषयाचा परीक्षा फॉर्म वेळेत भराच. पास झालात तर परीक्षा शुल्क गेलं, एवढंच. न भरता नापास राहिलात तर सहा महिने गेले.

याचा संबंध एटीकेटीशी आहे. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येतं, पण किती विषय किंवा किती श्रेयांकांपर्यंत ते विद्याशाखेनुसार ठरतं. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या वर्षाला बसायला पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं लागतं. त्यामुळे दुसऱ्या वर्षात असताना राहिलेली पहिल्या वर्षाची केटी (न सुटलेला विषय) सगळ्यात घातक. अर्ज आणि अभ्यास दोन्हींत तिला पहिला मान द्या. 75 टक्के हजेरीअभावी टर्म मंजूर झाली नसेल तर तो वेगळा प्रश्न आहे, तिथे रिव्हॅल किंवा ग्रेस कामाचं नाही.

अर्जाला उत्तरच आलं नाही तर

छायाप्रतीची मुदत हुकली असेल तर माहिती अधिकार उरतो. सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2011 च्या आदित्य बंदोपाध्याय निकालात परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. जोडपत्र अ मधला अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे 2 रुपये. उत्तर 30 दिवसांत. ते न आल्यास 30 दिवसांत पहिलं अपील. परीक्षकाचं नाव मागू नका, ते मिळणार नाही. आणि उशीर करू नका: उत्तरपत्रिका जपायची मुदत संपली की त्या नष्ट करतात, मग हक्क राहूनही हाती काही लागत नाही.

यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. लोकपाल नुसतं ‘गुण वाढवा’ ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो, म्हणून तिथे हरवलेली पुरवणी चालते, ‘उत्तर चांगलं होतं’ हे चालत नाही. न्यायालयाचंही तसंच. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या 1984 च्या खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी की, नियमात सोय नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही.

परीक्षकाला गाठण्याचा प्रयत्न, उत्तरपत्रिकेत मोबाइल नंबर, ‘लग्न ठरलंय, पास करा’ अशी चिठ्ठी किंवा नोट: हे सगळं गैरप्रकारात मोडतं आणि मग विषय गुणांचा न राहता संपूर्ण परीक्षा रद्द होण्याचा होतो.

गुण बदलले की जुनी गुणपत्रिका जमा करून नवी घ्यावी लागते; जमा करण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. पुढच्या महिन्यात अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन) खात्यात नवे श्रेयांक चढलेत का ते बघा. नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जात टक्केवारी विचारली तर सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी) गुणिले 10 करू नका. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्यात 6.75 म्हणजे 60 टक्के, 67.5 नव्हे, आणि विद्यापीठांची सूत्रं याहूनही वेगळी असतात. तुमच्या गुणपत्रिकेवर सूत्र छापलेलं नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र घ्या.