ट्यूडरकालीन हेरकथा लिहिताना: आधी घर, मग हेर

ट्यूडर इंग्लंडमधील हेरगिरीवर ऐतिहासिक कादंबरी लिहायची असेल, तर पहिल्याच प्रकरणात हेर आणण्याची घाई करू नये. आधी एक घर निवडावे, त्यात कोण कोणाचा कोण लागतो हे ठरवावे, आणि मग त्या घरातील कोणत्या दोन माणसांशी एकाच वेळी इमान राखणे अशक्य आहे, याचा शोध घ्यावा.

हे शिकण्यासाठी आठव्या हेन्रीच्या काळातील पोल या इंग्लिश उमराव घराण्याची हकिकत बारकाईने अभ्यासावी. रेजिनल्ड पोल इटलीत राहून पोपची सत्ता झुगारणाऱ्या हेन्री राजाच्या धर्मधोरणाला उघड विरोध करीत होता आणि १५३६ मध्ये पोपने त्याला कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचा वरिष्ठ धर्माधिकारी, केले. त्याची आई मार्गारेट, थोरला भाऊ लॉर्ड माँटेग्यू आणि दुसरा भाऊ जेफ्री मात्र इंग्लंडमध्ये, राजाच्या तावडीत होते. १५३४ च्या कायद्याने राजाविरुद्ध नुसते बोलणेही राजद्रोह ठरवले होते, त्यामुळे बागेत फिरताना भावाजवळ काढलेला उद्गारही फाशीचा पुरावा होऊ शकत असे. १५३८ च्या ऑगस्टमध्ये जेफ्रीला पकडून टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात कैदेत ठेवले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच्या जबान्या सुरू झाल्या. त्याने कैदेत आत्महत्येचा प्रयत्न केला, पण अखेर घरातले बोलणे त्याच्या तोंडून बाहेर पडलेच. माँटेग्यूचा शिरच्छेद झाला, वृद्ध आईचाही १५४१ मध्ये झाला, आणि जेफ्रीला माफी मिळाली. अशा पात्राला खलनायक करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माफी मिळून तो घरी परततो आणि दार कोण उघडते, हे प्रकरण लिहिणे सर्वांत अवघड आहे. ते जमले तर बाकीची कादंबरी त्याच्या आधाराने उभी राहते.

त्यानंतर साल निश्चित करावे, कारण या काळात कायदा बदलला की घरातील नातीही बदलत. हेन्रीची मुलगी एलिझाबेथ हिच्या राज्यात १५८१ पासून सरकारी, म्हणजे प्रॉटेस्टंट, चर्चमध्ये न जाणाऱ्याला महिन्याला २० पौंड दंड होता. १५८५ पासून परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक पाद्र्याला आसरा देणे हा देहदंडाचा गुन्हा झाला. यॉर्कच्या मार्गारेट क्लिदरोवर हाच आरोप आला. तिचा नवरा प्रॉटेस्टंट होता आणि सावत्र वडील त्याच वर्षी शहराचे महापौर होते. तिने न्यायालयात आरोपाला उत्तर देण्यास नकार दिला, म्हणून २५ मार्च १५८६ रोजी तिला वजनाखाली चिरडून मारण्यात आले.

हेरगिरीचे तंत्र दाखवताना एका पत्राचा प्रवास टप्प्याटप्प्याने लिहावा. १५८६ मध्ये चार्टली येथे एलिझाबेथच्या कैदेत असलेल्या स्कॉटलंडच्या माजी कॅथलिक राणी मेरीची पत्रे बिअरच्या पिंपात लपवून बाहेर जात. थॉमस फेलिप्स त्यांची सांकेतिक लिपी उलगडे, आर्थर ग्रेगरी फोडलेली मोहोर पुन्हा जशीच्या तशी बसवी, आणि मजकूर एलिझाबेथचा सचिव आणि हेरप्रमुख फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम याच्या हाती पडे. ही वाट जुळवून देणारा गिल्बर्ट गिफर्ड स्वतः स्टॅफर्डशरच्या कॅथलिक घराण्यातला होता, म्हणूनच मेरीच्या माणसांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. प्रत्येक टप्प्यावरील माणसाला किती ठाऊक आहे याचा तक्ता लेखकाने स्वतःपुरता करून ठेवावा.

तारखांची विशेष काळजी घ्यावी. १५८२ च्या अखेरीस फ्रान्सने नवे ग्रेगोरियन कॅलेंडर (आज आपण वापरतो ते) स्वीकारले, पण इंग्लंडने नाही, त्यामुळे पॅरिस आणि लंडनच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर पडले. शिवाय इंग्लंडच्या कागदपत्रांत वर्ष २५ मार्चला बदलत असे. आपण ८ फेब्रुवारी १५८७ म्हणतो तो मेरीच्या शिरच्छेदाचा दिवस तिथे १५८६ मध्येच मोडतो.

मराठीत लिहिताना खलिता, किल्लेदार, जासूद असे शब्द शक्यतो टाळावेत, कारण ते वाचकाला थेट रायगडावर नेतात. पत्र, अधिकारी, हेर हे साधे शब्द पुरतात, आणि पाद्री हा शब्द तर पोर्तुगिजांमुळे आपल्याकडे रुळलेलाच आहे.

आपल्या वाचकाला या जगात नेणारा एक खरा दुवाही आहे. मराठीत क्रिस्तपुराण रचणारा थॉमस स्टीफन्स हा एलिझाबेथच्या काळातील इंग्लिश कॅथलिक. तो रोममध्ये जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य, झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात पोचला. १० नोव्हेंबरला त्याने इंग्लंडमधील वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. सरावासाठी त्या पत्राचे आगमन कल्पनेने लिहून पाहावे: जेझुइट मुलाचे अक्षर ओळखलेले वडील मोहोर फोडण्यापूर्वी खोलीत आणखी कोण आहे ते पाहतात, आणि चुलीजवळचा नोकर मान खाली घालून लाकडे सारत राहतो.