थेरपीच्या अभ्यासात रिसर्च असिस्टंट म्हणून जाण्याआधी

सायकॉलॉजीच्या एम.ए.ला असताना, थेरपीने माणसाला खरंच किती फरक पडतो हे मोजणाऱ्या अभ्यासात काम मिळालं तर सोडू नका. मात्र तयारीने जा. बायोडेटा, मार्कशीट नेहमीचंच. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे ना, हे विचारायला लाजू नका. नसेल तर तिथे थांबू नका.

आता मुद्द्याचं. पहिला फॉर्म हातात घ्यायच्या आधी एका कागदावर लिहून घ्या: पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत नवव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही आलं, तर कोणाला बोलवायचं, नंबर काय, ते नसतील तर दुसरं कोण. मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असं गेल्या २ आठवड्यांत मनात आलं का, हे तो प्रश्न विचारतो. मागच्या वेळी हा कागद माझ्याकडे नव्हता. फॉर्म तसेच फाइलला लावले. दुसऱ्या दिवशी बेरजा करायला बसले तर एका फॉर्मवर नवव्यापुढे २, आणि त्या बाई आदल्या दिवशीच घरी गेलेल्या. म्हणून सांगते, माणूस खुर्चीतून उठायच्या आत नववा प्रश्न बघा. बेरजेवर विसंबू नका. २७ पैकी ६ म्हणजे सौम्य, पण त्या ६ मधले २ नवव्याचे असू शकतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ही त्याच कागदावर लिहा. पण आधी फोन गाइडना.

संमतीपत्र मराठीत, मोठ्याने वाचून, एक प्रत त्यांना. अठराच्या आतलं कोणी असेल तर पालकांची संमती आणि मुलाचाही होकार. मुलाखत घेऊन गुण तुम्हीच देणार असाल तर समोरचा कोणत्या गटात आहे, थेरपीच्या की तुलनेच्या, ते विचारू नका, त्यांनाही सांगू नका म्हणावं. कळलं की गुण नकळत कलतात.

फॉलोअपच्या तारखा आपल्याकडचा हंगाम बघून द्या. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणी टाकून एसटीने नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर येणार नाही. प्रोटोकॉलमध्ये जेवढे दिवस मागेपुढे चालतात, तेवढे वापरा. न आलेल्यांना वगळून हिशोब केला तर थेरपी आहे त्याहून गुणकारी दिसू शकते. आणि फॉलोअपच्या फॉर्मवरही नववा प्रश्न असतो. तेव्हाही बघा, तिथल्या तिथे.

डेटा एंट्रीत नाव नाही, फक्त कोड. फॉर्मचे फोटो व्हॉट्सॲपवर नकोत. अनुभवाचं पत्र काम संपायच्या आत मागून घ्या.