पीएचडीचे गाईड निवडण्याआधी त्यांचे शोधनिबंध (पेपर) कसे तपासावेत

चोपडा, यावल, शिरपूरकडची मुलं-मुली एम.एस्सी. झूलॉजी करून न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायचं म्हणतात, याचा मला मनापासून आनंद होतो. मी अमळनेरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्रवेशाचे अर्ज निघाले की बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, या सरांचा एच-इंडेक्स ४० आहे. चांगले असतील ना?" पेपरांचा किती वेळा संदर्भ दिला गेला यावरून काढलेल्या या एका आकड्यावर आयुष्याची पाच-सहा वर्षं लावू नका. मोबाइलवर निवांत दोन संध्याकाळी बसलात तर बरंच काही स्वतःच तपासता येतं.

आधी माणूस तोच आहे ना, हे पक्कं करा. आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. पबमेडवर, म्हणजे जीवशास्त्र आणि वैद्यकातल्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, नुसतं 'पाटील एस' टाकलं तर दातांपासून कर्करोगापर्यंतचे पेपर एकाच यादीत येऊन पडतात. म्हणून संस्था आणि विषय जुळवून बघा आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक शोधा. तो १६ अंकी असतो, एका संशोधकाला एकच. गाईड बाई असतील तर हे जास्तच जपा. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावावर असतात, आणि घाईत बघणाऱ्याला त्यांचं अर्धं काम दिसतच नाही. पेपर शोधून देणाऱ्या गूगल स्कॉलरवरच्या संशोधकाच्या प्रोफाइलवरही डोळे झाकून विसंबू नका. तिथे दुसऱ्याचे पेपर कधीकधी आपोआप चिकटतात.

आता तो एच-इंडेक्सचा आकडा. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. एच-इंडेक्स १२ म्हणजे त्या व्यक्तीचे निदान १२ पेपर असे, की प्रत्येकाचा निदान १२ वेळा संदर्भ दिला गेलाय. तो वयाबरोबर वाढतो, कमी कधीच होत नाही. त्यामुळे निवृत्तीला आलेले प्राध्यापक आणि चार वर्षांपूर्वी लॅब उघडलेली तरुण संशोधक यांची त्यावर तुलना करणं हा त्या तरुणीवर अन्याय आहे. स्कॉलरवर एकूण आकड्याशेजारी अलीकडच्या वर्षांचा रकाना असतो, तो आधी वाचा. शिवाय अल्झायमरवर जगभर हजारो लोक काम करतात, वटवाघळांच्या श्रवणावर थोडेच; सायटेशनही, म्हणजे पेपरला मिळालेले संदर्भही, त्याच मापाने येतात. एका पेपरची त्याच्या क्षेत्राशी तुलना हवी असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट हे साधन फुकट आहे. तिथे १ हा आकडा म्हणजे एनआयएचच्या अनुदानावर झालेल्या, त्याच क्षेत्रातल्या पेपरांच्या मधोमध.

कापसाचा व्यापारी गाडीवरचा ढीग बघून भाव ठरवत नाही, बोंडातला कापूस चिमटीत धरून धागा ओढून बघतो. तसे निदान तीन पेपर उघडाच. सायटेशन कुठून आल्या ते बघा. रिव्ह्यू (इतरांच्या कामाचा आढावा घेणारे) आणि पद्धतीवरच्या पेपरांना त्या भरपूर मिळतात. प्रथिनं मोजण्याची पद्धत सांगणारा लॉरी यांचा १९५१ चा पेपर जगात सर्वाधिक उल्लेखलेल्या पेपरांत गणला जातो. यात वावगं काही नाही, पण तुम्हाला उंदरांच्या स्मृतीवर प्रयोग करायचे असतील तर त्या लॅबमधून स्वतःच्या प्रयोगांचे पेपर निघतात का, हे कळायला हवं.

सायटेशन खूप म्हणजे काम खरं, असंही नाही. अल्झायमरमध्ये एका विशिष्ट प्रथिनामुळे स्मृती जाते असं सांगणारा 'नेचर'मधला २००६ चा पेपर दोन हजारांहून जास्त वेळा उल्लेखला गेला. २०२२ मध्ये त्यातल्या चित्रांवर जाहीर शंका घेतली गेली आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. मधल्या काळात कितीतरी विद्यार्थ्यांनी त्याचा आधार घेतला असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं. म्हणून गाईडचं नाव रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये टाकून बघा. पेपर मागे घेतलेला दिसला तर कारण वाचा. प्रामाणिक चूक स्वतःहून कबूल करणारी लॅब मला तरी विश्वासाची वाटते.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र लेखकांच्या क्रमात असतं. न्यूरोसायन्समध्ये सहसा पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं. पबमेडच्या अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये शेवटच्या लेखकाचा वेगळा रकाना आहे, त्यात गाईडचं नाव टाका आणि आलेल्या पेपरांतली पहिली नावं वहीत उतरवा. त्यात विद्यार्थी आहेत का? की प्रत्येक वेळी पीएचडी झालेले अनुभवी पोस्टडॉकच? पाच वर्षं लॅबमध्ये असलेल्या मुलीचं नाव कुठेच पहिलं नसेल तर तुमच्या वाट्यालाही तेच येण्याची भीती आहे. गाईड विद्यापीठातले असतील तर शोधगंगावर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधा. काही नोंदींत वर्षंही दिलेली असतात, त्यावरून पीएचडीला किती वेळ लागला याचा अंदाज येतो.

मग त्या वहीतल्या एक-दोघांना नम्रपणे मेल करा: सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा भेटतात, मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, लोक उत्तर देतात. गाईडना लिहिताना त्यांच्या सायटेशनचं कौतुक करू नका. वाचलेल्या पेपरमधली एक आकृती निवडा, त्यातलं न समजलेलं नेमकं विचारा आणि मेल दहा ओळींत संपवा.