केटी-सायप्रसला घर घेताय? आधी ‘मड’ समजून घ्या

ह्यूस्टनला नोकरीसाठी आलेलं मराठी कुटुंब काही वर्षं अपार्टमेंटमध्ये काढतं आणि मग केटी, सायप्रस, फुलशियर, रिचमंड या पट्ट्यात घरं बघायला लागतं. शाळा, एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना), ऑफिसला जायला लागणारा वेळ, देव्हारा कुठल्या भिंतीला बसेल, सगळी चौकशी होते. मडची चौकशी मात्र क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या दिवशी, सह्यांचा गठ्ठा समोर आल्यावर. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. पत्त्यात केटी लिहिलेलं असलं तरी इथली बरीच घरं कुठल्याच शहराच्या हद्दीत येत नाहीत. तिथे नळाचं पाणी, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा हे सगळं मडकडे. कचरा उचलण्याचं कंत्राटही बहुतेक ठिकाणी त्यांचंच. बिल्डरने आधी पदरचे पैसे घालून पाइप टाकायचे, मग मडने बाँड विकून ते परत करायचे आणि बाँडचं कर्ज घरमालकांनी टॅक्समधून फेडायचं, असा हा व्यवहार आहे. म्हणून नव्या वसाहतीत मड टॅक्स जास्त, जुन्या वसाहतीत कमी. अगदी नव्या डिस्ट्रिक्टमध्ये शंभर डॉलरला एक डॉलरच्या वरही दर असतो. चार लाखांच्या घरावर म्हणजे वर्षाला चार हजार, आणि ते शाळेच्या नि काउंटीच्या टॅक्सच्या वर. दोन घरांची किंमत सारखी असली तरी महिन्याचा हप्ता तीनशे डॉलरने वेगळा पडू शकतो. मॉडेल होम दाखवणारी मंडळी ग्रॅनाइटबद्दल भरभरून बोलतील, हे विचारल्याशिवाय सांगणार नाहीत. तुम्ही विचारा.

नवंकोरं घर घेणाऱ्यांना आणखी एक धक्का ठरलेला असतो. टॅक्स १ जानेवारीच्या स्थितीवर लागतो. त्या दिवशी तुमच्या प्लॉटवर नुसता पाया असेल तर पहिलं बिल जवळजवळ जमिनीपुरतंच येतं. बँक त्यावरून एस्क्रो, म्हणजे टॅक्स-विम्यासाठी हप्त्यासोबत घ्यायची रक्कम, ठरवते आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचं बिल आलं की हप्ता उडी मारतो, शिवाय मागची तूट भरायची ती वेगळीच. पहिल्या वर्षी जे ‘वाचलं’ ते सोफासेटवर घालवू नका.

होमस्टेड एक्झेम्प्शनचा, म्हणजे स्वतः राहत्या घराला मिळणाऱ्या टॅक्स सवलतीचा, अर्ज ३० एप्रिलपर्यंत करा. फुकट असतो, त्यासाठी पैसे मागणारी सरकारी वाटणारी पत्रं सरळ फाडून टाका. एच-१बीवर असलात तरी चालतं, फक्त ड्रायव्हर्स लायसन्सवर या घराचा पत्ता हवा. शाळेच्या टॅक्ससाठी २०२५ पासून घराच्या किमतीतून १,४०,००० डॉलर वजा होतात, पण ही वजावट मड टॅक्सला लागू नसते. मडचं बिल बऱ्याचदा काउंटीच्या बिलापासून वेगळं येतं. शेवटची तारीख ३१ जानेवारी. बँकेने ते भरलं की नाही, हे स्वतः बघा.

महिन्याच्या पाणीबिलात वॉटर अथॉरिटीचा, म्हणजे अनेक मडना पाणी पुरवणाऱ्या संस्थेचा, एक आकार दिसेल. कधीकधी तो पाण्याच्या दरापेक्षाही जास्त असतो आणि नवीन माणूस चिडतो. त्यामागचं कारण खरं आहे. वर्षानुवर्षं जमिनीतलं पाणी उपसल्याने हा भाग खचला. बेटाउन-पॅसाडेनाकडे जमीन दहा फुटांच्या आसपास खाली गेली, आणि बेटाउनची ब्राउनवुड ही वसाहत शेवटी सोडूनच द्यावी लागली. १९७५ मध्ये उपशावर नियंत्रण आणण्यासाठी हॅरिस-गॅल्व्हेस्टन सबसिडन्स डिस्ट्रिक्ट स्थापन झाला. आता लेक ह्यूस्टनचं पाणी मोठ्या पाइपांनी पश्चिमेकडे आणताहेत, त्याचा हा खर्च.

बिल अचानक फुगलं तर फोन करण्याआधी मीटर बघा. पुढच्या लॉनमध्ये रस्त्याच्या कडेला झाकण असतं. स्क्रू ड्रायव्हरने उचला, हाताने नको. आत फायर अँट्सचं, म्हणजे कडाडून चावणाऱ्या मुंग्यांचं, वारूळ असण्याची शक्यता भरपूर. घरातले सगळे नळ बंद करून डायलवरचा छोटा त्रिकोण पाहा. तो फिरत असेल तर गळती तुमच्या बाजूला आहे, आणि मीटरपासून घरापर्यंतचा पाइप तुमची जबाबदारी. बहुतेक वेळा चोर टॉयलेटचा फ्लॅपर, म्हणजे टाकीतली रबरी झडप, निघतो. टाकीत खाण्याचा रंग टाकून वीसेक मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला की समजायचं.

उन्हाळ्यात स्प्रिंकलर पहाटे लावा आणि पाणी द्यायचे ठरलेले वार पाळा. घराच्या कडेच्या मातीला मात्र विसरू नका. परभणीकडच्या काळ्या रानाला मे महिन्यात भेगा पडतात, तशीच इथली चिकणमाती ऑगस्टमध्ये आकसते, आणि तिच्यावर तुमची काँक्रीटची स्लॅब बसलेली असते. भिंतीपासून फूट-दीड फुटावर सोकर होज (पाणी झिरपवणारी नळी) टाकून अधूनमधून माती ओलसर ठेवा. वर्षात एखादा महिना पाण्याला स्विमिंग पूलसारखा वास येईल. अनेक डिस्ट्रिक्ट पाइपलाइन साफ ठेवण्यासाठी तेवढे दिवस क्लोरीनचा प्रकार बदलतात. पाणी पिण्यासारखंच असतं. माशांची टाकी असेल तर जपा.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा काळ. पूर विमा मे महिन्याआधी घ्या, कारण सरकारी विमा लागू व्हायला तीस दिवस लागतात. ‘आम्ही फ्लड झोनमध्ये नाही’ हे वाक्य २०१७ च्या हार्वी हरिकेनमध्ये पाणी शिरलेल्या पुष्कळ घरांनीही म्हटलं होतं. ॲडिक्स आणि बार्कर जलाशयांच्या आसपास घर बघत असाल तर नकाशा घेऊन बसाच. वीज गेली की नळाला पाणी असलं तरी कमी वापरा: सांडपाणी पुढे ढकलणारी लिफ्ट स्टेशनं विजेवर चालतात आणि सगळ्यांचे जनरेटर सारखे नसतात.

हिवाळा इथे चार दिवसांचा, पण फेब्रुवारी २०२१ च्या त्या चार दिवसांनी छतातले पाइप फोडून अख्खी घरं भिजवली. इथे पाण्याचा पाइप आणि बऱ्याचदा गीझरही ॲटिकमध्ये असतो. तेव्हा गारठा येण्याआधी बाहेरच्या भिंतीवरचा मुख्य व्हॉल्व्ह शोधून ठेवा, फिरतो का बघा. स्प्रिंकलरचं बॅकफ्लो, म्हणजे भिंतीजवळ उलट्या यूसारखा उभा पाइप, फोम आणि जुन्या टॉवेलांनी गुंडाळून वर प्लास्टिक बांधा. नळ रात्रभर ठिबकत ठेवायचे की नाहीत, हे मडच्या सूचनेवरून ठरवा. २०२१ मध्ये सगळ्यांनीच नळ सोडल्याने दाब उतरला, म्हणून ह्यूस्टनमध्ये तसं करू नका असं सांगावं लागलं होतं. गावी जाणार असाल तर व्हॉल्व्ह बंद करून नळ रिकामे करा, डिसेंबरच्या सुट्टीत तर नक्कीच. पाणी उकळण्याची नोटीस आली तर पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर दोन मिनिटं उकळा. आरओ आहे म्हणून सोडू नका, फ्रिजमधला बर्फही टाकून द्या.

आपल्या स्वयंपाकघरापुरतं एक: तळणीचं तेल, तूप, आमटीवरचा तवंग सिंकमध्ये ओतू नका, डब्यात गोठवून कचऱ्यात टाका. आणि मागच्या तळ्यात गणपती विसर्जन नको. ते तळं पुराचं पाणी साठवायला केलेलं असतं, मालकी मडची किंवा एचओएची. शाडूची मूर्ती घरी बादलीत विसर्जित करून ती माती कुंडीत घाला.

मडचं बोर्ड पाच जणांचं, निवडून आलेलं असतं आणि बैठका सगळ्यांना खुल्या असतात. बाँड विकायचा विषय असेल त्या महिन्यात जाऊन बसा; श्रोत्यांच्या खुर्च्या बहुधा रिकाम्याच असतात. वेबसाइटवर टेक्स्ट अलर्टसाठी नाव नोंदवा आणि ऑपरेटरचा चोवीस तासांचा नंबर आजच फोनमध्ये घाला. ह्यूस्टन शहराचा ३११ हा तक्रारींचा नंबर तुमच्यासाठी नाही, तिथे रात्री दोनला तासभर होल्डवर राहून तेवढंच ऐकायला मिळेल.